तळ्याकाठी, हिरव्याचं पिवळं करताना

हिंगोलीत स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याला ‘नगर रचना कार्यालय’ म्हणालात, तर तो तुम्हाला नगरपालिकेच्या दारात सोडून मोकळा होईल. त्याचा दोष नाही. आमचं कार्यालय माणसाला आयुष्यात एखाद्या वेळीच लागतं. पण ज्याला लागतं त्याला पत्ता सांगावा लागत नाही, तो दर सोमवारी सकाळी आमच्या आधी दारात उभा असतो. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की सून सरकारी खर्चानं नकाशे रंगवते. मी एकदा-दोनदा समजावून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण त्या फारशा चुकत नव्हत्या.

आमचं काम थोडक्यात असं. प्रत्येक शहराचा एक विकास आराखडा असतो. पुढची वीसेक वर्षं शहर कुठं वाढेल, शाळा कुठं होतील, रस्ता कुठून जाईल, हे त्यात आधीच ठरवून ठेवलेलं असतं. जिथं घरं बांधायला परवानगी तो भाग पिवळा, जिथं फक्त शेती तो हिरवा. एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला अर्ज करावा लागतो. मग ठराव, जाहिरात, लोकांच्या हरकती, सुनावणी, अहवाल, आणि शेवटी शासनाची मंजुरी. यात किती काळ जातो हे विचारू नका. अर्ज करताना ज्यांच्या कडेवर नात होती, त्यांना मंजुरीचा कागद त्याच नातीनं वाचून दाखवल्याचं मी पाहिलंय.

लोकांना रंगांचा राग फार. पुसेगावचे एक शेतकरी होते. शहराच्या हद्दीला लागून त्यांचं थोडं वावर होतं. ते आले, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, इथं आमी सालोसाल हळद लावून राहिलो. हळद पिवळी असती का हिरवी?”

“पिवळी.”

“मंग हे हिरवं काहून?”

डोंगरकड्याकडचे एक आजोबा त्याहून वेगळे. त्यांच्या शहरालगतच्या तुकड्यावर स्मशानभूमीचं आरक्षण पडलं होतं. असं आरक्षण उठवायला माणसं मंत्रालयापर्यंत जातात. आजोबा मात्र ते पक्कं आहे ना, एवढंच विचारायला आले होते. “लेकरं पुण्याला ऱ्हातेत. आमचं कोन करनार ते माईत न्हाई. पर जागा तर आपली ऱ्हाईल,” असं म्हणाले आणि माझ्या टेबलावर केळीचा फणा ठेवून गेले. तो परत करायला शिपाई मागं धावला, पण ते गल्लीच्या टोकाला पोहोचले होते.

असे खूप आले-गेले. त्यातल्या एका प्रकरणाबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे. गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून तिथंच राहतात आणि ती बोलकी आहेत.

आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर पाटबंधाऱ्याचं तळं आहे. एका बाजूला बांध आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना उतरत गेलेली जमीन. पाऊसकाळ चांगला झाला की भाद्रपदात पाणी पार वरच्या बाभळींना टेकतं आणि पौष-माघापर्यंत हळूहळू मागं सरकतं. मागं राहतो तो काळा, लोण्यासारखा गाळ. त्यात काठची माणसं टरबूज, काकडी, डांगर लावतात. याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची, ती वर्षापुरती कसायला मिळते. थंडीत त्याच उथळ भागात करकोचे उतरतात, आणि पहिल्या पुराला मासे तिथल्याच गवतात अंडी घालायला येतात. म्हणजे अर्धं वर्ष पाणी आणि अर्धं वर्ष जमीन, अशी ती पट्टी.

माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं कोकणात गेली होती. तिथं खाडीकाठी घर बांधू देण्याचा अर्ज आला की आम्ही आधी भरतीची रेषा पाहायचो. समुद्राचं एक बरं असतं, तो दिवसातून दोनदा येऊन आपली हद्द दाखवून जातो. आमच्याकडचं तळं वर्षातून एकदाच दाखवतं, आणि दुष्काळाची दोन-तीन वर्षं लागोपाठ आली की तेही नाही. मग माणसाला वाटतं, पाणी इथवर कधी येतच नव्हतं.

त्या तळ्याला लागून असलेली उतरती शेतजमीन एका गृहनिर्माण संस्थेनं घेतली होती, आणि ती हिरव्याची पिवळी करून द्यावी असा त्यांचा अर्ज होता. मला आधी वाटलं, पाठीमागं कुणीतरी बिल्डर असणार. पण अर्जदार निघाले एसटीतून निवृत्त झालेले चालक, वाहक आणि कार्यशाळेतले कामगार. जमीन विकून देणाऱ्या मध्यस्थानं त्यांना ‘आज ना उद्या हे पिवळं होणारच’ असं सांगितलं होतं. तो नंतर कुणाला दिसला नाही.

संस्थेचे अध्यक्ष मारोतराव. उंच, थोडे वाकलेले, हातात अजून स्टिअरिंग असल्यासारखे दोन्ही कोपर बाहेर काढून चालायचे. स्थळपाहणीला मी आणि नकाशे गिरवून काढणारे आमचे अनुरेखक सलीमभाई गेलो तेव्हा ते फाट्यावर येऊन थांबले होते. जमिनीवर पाऊल टाकताच त्यांनी मला घरं दाखवायला सुरुवात केली. घर एकही नव्हतं. तूर काढल्यानंतरची धसकटं होती फक्त.

“हे आमच्या वाघमारे कंडक्टरचं. हे टायरवाल्या शेखमियाचं. इथं मंदिर, लहानसं. इथं लेकरायला खेळायला. अन् हे...” ते उताराच्या खालच्या टोकाशी थांबले. तिथून तळ्याचं पाणी समोर पसरलेलं होतं आणि वाऱ्यानं त्यावर सुरकुत्या पडत होत्या. “हे आमचं.”

“खालची जागा घेतलीत तुम्ही?”

“चिठ्ठ्या टाकल्या होत्या. नशिबानं आली. आमची मंडळी म्हनली, दारातून पानी दिसंल.” मग म्हणाले, “मॅडम, जल्मभर मुक्कामी गाडी चालवली. कदी शाळेच्या वट्ट्यावर झोपलो, कदी टपावर. रोज दुसऱ्याच्या गावात. आता आपल्या दारात झोपायचं हाय.”

सलीमभाईंनी पाटबंधारे खात्याचे दगड शोधले होते. तळं पुरतं भरलं की पाणी कुठवर येतं, हे दाखवायला ते दगड रोवलेले असतात. ते मारोतरावांच्या त्या न बांधलेल्या घराच्या अगदी खालीच होते. त्या रेषेपासून काही अंतर मोकळं सोडावं लागतं. ते मोजलं तर मारोतरावांचं घर, शेखमियांचं घर आणि खालच्या सगळ्या ओळी त्यात जात होत्या.

“नक्शे में पानी सीधा रहता मॅडम,” सलीमभाई हळूच म्हणाले, “इधर तो ये घर के अंदर आ रा.”

खालून एक बाई चढून येत होती. डोक्यावर पाटी, पाटीत माशांवर ओलं फडकं. काठच्या भोई वस्तीतली पारूबाई. मी तिला थांबवून विचारलं, या जमिनीवर वसाहत होणार हे माहीत आहे का.

“आयकलं हाय.”

“तुमचं काही म्हणणं?”

“आमचं काय म्हननं आसनार?” तिनं पाटी उतरवली नाही. “वस्तीतून पान्याकडं जायाची वाट हितूनच हाय. घरं झाली की भिंती व्हतील. भिंती झाल्या की फाटक. मंग आमी वळसा घालून जाऊ. आन संडासाचं पानी कुठं जाईल ते तुमीच सांगा. खाली आमची हीर हाय.”

“हरकत घेतलीत का मग? अर्ज द्यायचा असतो.”

“गाळाची जमीन सरकारची, पानी सरकारचं, मासं ठेकेदाराचं. आमी कशावर हरकत घ्यावं?”

यावर नियमात उत्तर होतं. हरकत कुणीही घेऊ शकतो, त्याला सात-बारा लागत नाही. मी तिला तसं सांगितलं आणि सुनावणी कधी, कुठं, तेही सांगितलं. ती मान डोलवून गेली. मारोतराव बाजूलाच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमच्या खुर्चीवर बसलं की एका बाजूला लबाड लोक असतात आणि दुसऱ्या बाजूला बिचारे. तसं असतं तर हे काम कुणीही केलं असतं. खरी अडचण दोन्ही बाजू भल्या असतात तेव्हा येते. त्या आठवड्यात मला स्वयंपाकघरात भाजी चिरतानाही मारोतरावांचं ते हवेतलं घर दिसायचं, आणि त्याच्या दारातून डोक्यावर पाटी घेऊन वळसा घालून जाणारी बाई.

सुनावणी घेऊन अहवाल देण्याचं काम माझ्याकडेच आलं. नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. निवृत्त माणसं इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून, बायकांना सोबत घेऊन आली होती. पक्षी पाहणाऱ्या दोन-तीन तरुण मुलांनी लेखी हरकत दिली होती. त्यांनी करकोच्यांचे फोटो दाखवले. फोटो सुंदर होते, पण ते पाहून सभागृह तापलं.

“पाखरायसाठी मान्सं उघड्यावर ठेवनार का?” मागून एक जण ओरडला. “पाखरायला काय, उडून जातेत दुसरीकडं. आमी कुठं उडावं?”

टाळ्या पडल्या. मी शांत राहायला सांगितलं. एवढ्यात दाराशी पारूबाई दिसली. सोबत वस्तीतल्या आणखी दोघी. आत यावं की नाही, अशा उभ्या होत्या. मी पुढं बोलावलं. ती आली आणि समोरच्या रांगेकडं पाहून थबकली. मग पदर सारखा करत मारोतरावांना म्हणाली, “डायवरदादा, तुमी व्हय? त्या दिशी उन्हात वळखलं न्हाई.”

मारोतरावांनीही तेव्हाच तिला ओळखलं असावं. ते उभे राहिले.

मग जे समजलं ते असं. पारूबाई तरुणपणी बाजाराच्या गावी मासे घेऊन जायची. एसटीत चढली की लोक नाकाला रुमाल लावायचे, कंडक्टर उतरवायचे. मारोतरावांच्या गाडीत मात्र तिची पाटी चालकाच्या केबिनमध्ये, त्यांच्या पायापाशी असायची. वास सगळा त्यांच्याच नाकाला. पुढं तो मार्ग बदलला आणि दोघांची भेट पुन्हा झाली नव्हती.

“मॅडम,” पारूबाई माझ्याकडं वळली, “ह्या मान्सानं माझी पाटी कदी खाली उतरवली न्हाई. त्याच्या घराला म्या न्हाई म्हनू का? न्हाई म्हनत. पर आमाला पान्यात उतरायला वाट ऱ्हाऊ द्या. हिरीत घान नका येऊ देऊ. येवढंच हाय.”

मघाशी ओरडलेला माणूस खाली पाहत होता. मारोतराव म्हणाले, “बाईचं म्हननं लिहून घ्या मॅडम. बराबर लिहा.”

मी लिहून घेतलं. नंतर माझा अहवाल तयार केला. वरची जमीन पिवळी करावी. खालचा उतार हिरवाच ठेवावा, त्यावर कुंपण किंवा बांधकाम नको. वस्तीची पाण्याकडं जाणारी वाट कायम खुली राहावी. सांडपाणी तळ्याच्या बाजूला सोडू नये, त्याची व्यवस्था वरच्या अंगाला करावी. वरिष्ठ साहेबांनी वाचून विचारलं, “सरळ नामंजूर का करत नाही? तुम्हालाच सोपं जाईल.” मी म्हटलं, सोपं जाईल म्हणूनच नाही. त्यांनी सही केली. त्या दिवशी घरी येताना मला हलकं वाटत होतं. दोन्ही बाजूंना न्याय दिला असं वाटणं ही आमच्या नोकरीतली सगळ्यात मोठी चैन असते. ती फार टिकत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मारोतराव कार्यालयात आले. खुर्चीवर बसले नाहीत.

“मॅडम, तुमी सगळ्यायला न्हाई म्हनलं असतं तर आमी भांडलो असतो, नशिबाला बोल लावला असता, पर एक ऱ्हायलो असतो. आता वरच्या मान्सायला घर हाय अन् खालच्यायला न्हाई. परवा मीटिंगीत शेखमिया अन् वाघमारे एकमेकायच्या अंगावर गेले. एका डेपोत म्हातारे झालेली मान्सं! आता निवड कोन करावं? म्या करावं?”

“तुमचं घर कुठल्यात जातं?”

“खालच्यात. म्हनून तर कुनाला काई म्हनता येत न्हाई. म्हनलं तर म्हनतील, सोताच्या जागेसाठी बोलून राहिला.”

मी नकाशा काढला. आमच्या कार्यालयानं अर्जदाराचा आराखडा काढून द्यायचा नसतो, हा नियम योग्यच आहे. पण नियमात काय बसतं हे विचारलं तर सांगायचं असतं. मी त्यांना सांगितलं की चारी बाजूंनी मोकळ्या घराचा हट्ट सोडून, एकाला एक भिंत लावून ओळीनं घरं बांधली तर वरच्या जमिनीवर जवळपास सगळे बसू शकतात. पुढं अंगण, मागं थोडी मोकळी जागा, आणि दोन घरांमध्ये एकच भिंत.

त्यांनी दोन बोटं एकमेकांना चिकटवून नकाशावर टेकवली.

“म्हंजे पुन्हा कॉर्टर,” ते म्हणाले. “शेजाऱ्याच्या घरात कुकर लागला की आपल्या घरात शिट्टी.”

“हो.”

“आमच्या मंडळीला चारी बाजूनं खिडक्या पायजे होत्या.”

ते निघून गेले. मला वाटलं, संस्था आता मोडणार. माझ्या कारकिर्दीत अशा मोडलेल्या संस्था मी पाहिल्या होत्या. जमीन पडून राहते, तिच्यावर बाभळी माजतात आणि माणसं कोर्टाच्या ओट्यावर म्हातारी होतात.

त्यांच्या पुढच्या सभेला त्यांनी मला बोलावलं. अहवाल वर गेला होता, त्यामुळं जाण्यात काही गैर नव्हतं. शिवाय ‘नियमात काय बसतं’ ते माझ्याच तोंडून ऐकायचं म्हणाले. एका सभासदाच्या दारात पत्र्याखाली सगळे बसले होते. मी समजावून सांगितलं. लगेच कुरकुर सुरू झाली. वरच्या जागा ज्यांना आल्या होत्या ते म्हणाले, आम्ही आमची जागा कमी का करावी? खालचे म्हणाले, मग आम्ही काय पाण्यात राहावं? दोघं-तिघं उठून चालू लागले.

मारोतरावांची पत्नी सरूबाई एका बाजूला बसल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं त्या सहसा कुठं जात नसत. त्या दिवशी आल्या होत्या. चारी बाजूंच्या खिडक्या त्यांनाच हव्या होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “बोला की. गाडीत तर लई बोलता.”

मारोतराव उभे राहिले. भाषण करायची त्यांना सवय नव्हती.

“सनासुदीच्या गाड्या आठवा,” ते म्हणाले. “तिघायच्या सीटवर चवथा आला की काय व्हतं? आधी तिघं बी तोंड वाकडं करतेत. पाय आखडून घेतेत. पुढच्या फाट्याला आरशात पाहावं तर चौघं बी झोपलेले, एकमेकायच्या खांद्यावर मान टाकून. म्या जल्मभर आरशात हेच पाहिलं. आपुन मान्सायला सरका म्हनून म्हनून नोकरी केली, अन् आता सोताला सरकायची येळ आली तर...” ते खाली बसले.

हसू फुटलं. आधी बायकांच्या बाजूनं, मग सगळीकडून. चालू लागलेल्यांपैकी एक जण परत येऊन बसला. टायरवाले शेखमिया म्हणाले, “चवथी सीट मंजूर.” वाघमारे कंडक्टरनी नाइलाजानं हात वर केला. सगळे काही कबूल झाले नाहीत. तिघा-चौघांनी संस्था सोडली, आणि त्यातल्या एकानं मला पुढं कितीतरी वर्षं बाजारात दिसलं तरी ओळख दिली नाही. त्याचं स्वप्न मोठ्या अंगणाचं होतं. ते माझ्या अहवालानं लहान केलं, हे खरंच आहे.

मंजुरी यायला व्हायचा तो उशीर झालाच. फाईल मुंबईहून दोनदा परत आली, तिसऱ्यांदा गेली. मी दर वेळी पत्र लिहायचे आणि उत्तराची वाट पाहायचे. त्या काळात सरूबाई गेल्या. मारोतराव कार्यालयात सांगायला आले नाहीत, सलीमभाईंना एसटी स्टँडवर कुणीतरी सांगितलं. मंजुरी आल्यावर मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, “चांगलं झालं मॅडम. लई तकलीफ घेतली तुमी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

घरं झाली. मी निवृत्त झाले. गेल्या थंडीत मारोतरावांचा फोन आला, “येऊन जा एकदा. काम हाय.”

मी गेले. एकाला एक लागून घरांच्या दोन ओळी, पुढं तुळस, मागं दोरीवर वाळत घातलेले कपडे. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. खालचा उतार मोकळा होता. त्यातून पायांनी मळलेली वाट थेट पाण्याकडं गेलेली. पारूबाईची सून वसाहतीच्या तोंडाशी मासे घेऊन बसली होती आणि वाघमारे कंडक्टर तिच्याशी भावावरून हुज्जत घालत होते.

मारोतरावांच्या ओट्यावर चहा झाला. मग त्यांनी काम सांगितलं. तळ्याच्या पलीकडच्या अंगाची जमीन निवृत्त शिक्षकांच्या एका संस्थेनं घेतली होती. ती पिवळी करून मिळावी असा त्यांचा अर्ज होता. अर्जात आधार म्हणून याच वसाहतीचं उदाहरण दिलं होतं. नकाशात त्यांची घरं पार पाण्यापर्यंत आलेली होती.

“हरकत घ्यायची हाय,” मारोतराव म्हणाले. “समद्या वसाहतीची. पारूबाईच्या वस्तीची बी. कशी लिवायची ते सांगा.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. “तळ्यासाठी, की तुमच्या दारातून समोर घरं नकोत, नुसतं पाणी दिसावं म्हणून?”

ते लाजले. वयानं ऐंशीकडं झुकलेला माणूस शाळकरी पोरासारखा लाजला. “दोन्हीसाठी,” म्हणाले.

मला उत्तर आवडलं. सुनावणीत इतकं खरं उत्तर मला फार कमी वेळा मिळालं होतं. तरी मी लिहून देणार नाही म्हटलं. “हरकत घ्याच,” मी म्हणाले, “पण त्या आधी त्या मंडळींना एकदा इथं बोलवा. जाहिरात पेपरात वाचून माणसं शत्रू होतात.”

त्यांनी खरंच बोलावलं, आणि मलाही. शिक्षकांकडून एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि दोन सर आले. बाई ठाम होत्या, आवाज अजून वर्गात पोहोचेल असा. चहा व्हायच्या आतच त्यांनी विषय काढला.

“तुमची घरं झाली म्हणून आमची नकोत का? सरळ सांगा. आम्हीही आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलो. बदल्यांवर बदल्या. आम्हाला पाणी दिसू नये का?”

मारोतरावांनी माझ्याकडं पाहिलं. शेखमियांनी पाहिलं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडात नियम, कलम, अंतर सगळं येऊ लागलं होतं. मी चहाचा घोट घेतला आणि बशीत कप ठेवला. त्या प्रश्नाला उत्तर देणं आता माझं काम नव्हतं.

मारोतराव हळूहळू उठले. “बाई, तुमचं म्हननं खोटं न्हाई,” ते म्हणाले. “मला काई बी सांगता येत न्हाई. पर आलाच हायात तर चपला काढा अन् चला खाली. पानी कुठवर येतंय ते पायानं पाहू.”

मुख्याध्यापिकांनी चपला ओट्याखाली नीट जोडून ठेवल्या, साडी जराशी वर खोचली आणि त्या उतरू लागल्या. पारूबाई खालून हात हलवून ओरडली, “तिकून न्हाई वो बाई, हिकून या! तिकडं पाय रुततोय!” आणि त्यांना धरायला स्वतःच गाळातून वर येऊ लागली.